सर्व्हेअर काका, हे पत्र तुम्हाला

काका, सप्रेम नमस्कार.

भेटीत आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घ्या आधी" म्हणून विषय तोडता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. इथं मला गप्प करता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरच्या पुढं कोथिंबिरीनं भरलेल्या पिकअपनं आमच्या गाडीला डाव्या अंगानं ठोकलं. मागच्या सीटवर बसलेल्या आईचं मनगट मोडलं. तुम्ही समोरच्या हॉटेलातून अर्धा चहा टाकून आलात. विमा कंपन्यांसाठी गाड्यांचं नुकसान तपासणारे निवृत्त सर्व्हेअर आहात हे नंतर कळलं. त्या वेळी दिसले ते गर्दीला मागं सारणारे एक टोपीवाले गृहस्थ. १०८ला फोन लावून घेतलात, आईबरोबर माझ्या बायकोला धाडलंत आणि मग पिकअपच्या पोरसवदा ड्रायव्हरची कॉलर लोकांच्या हातून सोडवलीत. "याला हात लावाल तर पंचनाम्यात भलतंच प्रकरण घुसेल," असं दरडावलंत आणि त्यालाही पाणी दिलंत. आई आठवण काढते ती या पाण्याची.

गाड्या बाजूला घेण्याआधी तुम्ही मला रस्त्यावर वाकायला लावलंत. डांबरावर वाळक्या चिखलाची ढेपळं पडली होती. धडक बसते तिथंच गाडीच्या तळाचा चिखल गळतो, म्हणजे गाड्या नेमक्या कुठं आदळल्या ते त्यावरून कळतं, असं म्हणालात. मी फुटलेल्या दिव्याचे फोटो काढत होतो, तुम्ही चिखलाचे काढायला लावलेत. दोन्ही नंबरप्लेट आणि कडेचा किलोमीटरचा दगड एका चौकटीत घ्यायला सांगितलंत. पुढं पिकअपवाले "गाडी तुमचीच आमच्या बाजूला आली" म्हणू लागले, तेव्हा हेच चिखलाचे फोटो कामी आले.

पिकअपचा नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकल्यावर विमा कधीच संपल्याचं दिसलं. तेवढ्यात मालक आला, बरोबर गावातले एक वजनदार गृहस्थ. पाच हजार घ्या आणि "आपसात मिटलं, तक्रार नाही" असं दोन ओळींत लिहून द्या, हा त्यांचा प्रस्ताव. आई दवाखान्यात, गाडी आडवी, उन्हानं डोकं तापलेलं. अशा वेळी माणूस सही करून मोकळा होतो. तुम्ही कागद माझ्या हातातून घेऊन शांतपणे त्यांना परत दिलात.

का, ते मला बाजूला घेऊन सांगितलंत, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी मदत तीच. समोरच्याचा विमा नाही म्हणून आपला क्लेम बुडत नाही. आपली पॉलिसी फुल्ल, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारी असेल तर गाडीच्या दुरुस्तीचे पैसे आपली कंपनी देते, आणि ते समोरच्या मालकाकडून वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. मी "तक्रार नाही" लिहून दिलं, की तो हक्क मीच मारला आणि कंपनीला क्लेमवर बोट ठेवायला जागा मिळाली. आईच्या दुखापतीचा हिशेब मात्र वेगळा, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ड्रायव्हर आणि मालक या दोघांवर. दोन्ही एकाच कागदात कालवायचे नाहीत. विमा नसल्याचा पहिल्या वेळचा दंड दोन हजार. तेवढा भरला की सुटलो, अशी पिकअपमालकाची समजूत होती.

क्लेम फॉर्म तुम्ही फोनवर ओळीओळीनं वाचून घेतलात. "भरधाव" हा शब्द खोडायला लावलात. वेग मी मोजला नव्हता, मग लिहायचा कशाला? सर्व्हे होईपर्यंत गॅरेजवाल्याला एक नटही खोलू दिला नाहीत. पैसे किती कापले जाणार तेही आधीच सांगून ठेवलंत: आमची गाडी सहा वर्षांची, त्यामुळे पत्र्याच्या भागांवर ४० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, बंपरसारख्या प्लास्टिकवर ५०, काचेवर काही नाही, वर एक हजार आपल्या खिशातून आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला तो गेलाच. रक्कम हातात आली तेव्हा म्हणून धक्का बसला नाही. न मिळालेला भाग पिकअपमालकाकडे मागता येतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

मालकानं नंतर नवीच टूम काढली, गाडी वर्षापूर्वीच विकली म्हणे, फक्त नावावर करायची राहिली. तुम्ही हसलात. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तोच मालक, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, म्हणालात. आमच्या वकिलांनीही तेच सांगितलं.

आणि तुम्ही घरी आलात तो दिवस. आई म्हणाली, "मी कुठं कमावते? माझं काय नुकसान?" तुम्ही विचारलंत, "दिवसाला भाकरी किती थापता?" आईनं बोटं मोजली, धुणं, पाणी, नातवाची शाळा, सगळं आलं. जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात २००१ सालीच सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली होती, हे तुमच्या तोंडून ऐकल्यावर ती बाबांकडे ज्या नजरेनं बघत होती, ती पाहून बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले.

न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत २०२२पासून लागू झाली आहे, ती चुकवू नका, असं तुम्ही बजावत राहिलात. अर्ज मुदतीत दाखल झालाय, तारखा सुरू आहेत. निकाल लागेल तेव्हा लागेल. गाडी मात्र रस्त्यावर आली आणि आईचा प्लास्टर निघाला.

तुम्ही ना फी घेतलीत, ना पेट्रोलचे पैसे. आईनं तुमच्यासाठी बाजरीची भाकरी आणि ठेचा ठरवलाय, तेवढं तरी नाकारू नका. पत्ता तोच, क्लेम फॉर्मवर जुना खोडून तुम्ही नवा लिहायला लावला होता तो.

तुमचा,
डाव्या दरवाज्याला नवा पत्रा बसलेल्या गाडीचा मालक