सिंगापूर फक्त शिस्तीवर नाही चालत

संपादक महोदय,

सिंगापूरबद्दल आपल्याकडे काही छापून आलं की तेच ते, शिस्त, स्वच्छता आणि च्युइंगगम बंदी. अहो पण पैसा येतो कुठून ते पण सांगा ना! १९६५ ला मलेशियापासून वेगळे झाले तेव्हा ना तेल ना शेती, पाणीसुद्धा शेजारच्या मलेशियातल्या जोहोर राज्यातून पाइपने, ते तर अजूनही येतं. मग बेटाच्या पश्चिमेकडच्या जुराँग भागातली दलदल बुजवून कारखाने काढले, परदेशी कंपन्या बोलावल्या, आणि स्वतःची एक तेलविहीर नसताना बाहेरचं क्रूड आणून रिफाइन करून परत विकायला लागले, कमालच आहे. आज आयात-निर्यात मिळून जीडीपीच्या तिप्पट. पण म्हणूनच जग थांबलं की हे पण आपटतात, २०२० ला बघितलंच.

आणि हो, तिथे जवळपास ८० टक्के लोक सरकारने बांधलेल्या घरात राहतात, खुल्या बाजाराचे आपले भक्त हे बरोबर गाळतात. गाडी घ्यायची तर नुसतं १० वर्षांचं परमिट लिलावात, २०२३ मध्ये ते लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलं होतं! मुंबईत असं करून बघा कोणी.

– एक वाचक, डोंबिवली