चिलटांना रजा नसते

बंगळूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस सा. न. वि. वि.

काल कोजागरी होती. दूध काही आटवलं नाही, जागरण मात्र आपोआप झालं. पहाटे तीनला लॅबमध्ये होते. सहज मोबाइल बघितला, तर बाबा, तुमचं ‘लास्ट सीन’ तीन वाजून दहा मिनिटं. या महिन्यात हे चौथ्यांदा. फोनवर तुम्ही म्हणता झोप झकास लागते, मी म्हणते सगळं ठीक आहे, आणि पहाटे तीनला दोघंही टक्क जागे. म्हणून यावेळी पत्र. फोनवर आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि बोलायचं ते राहून जातं.

गणपतीला आले नाही, ते तुम्हाला लागलं हे मला कळलं. मुंबईची सगळी येतात, आणि घरची पोर नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, “तुझ्या त्या चिलटांका सुट्टी नाय काय गो?” मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं की नसते, आणि ते नीट सांगायचं राहिलंच होतं.

आधी एक खुलासा, कारण वाडीत भलतंच पसरलंय. शेजारच्या काकूंनी मला मे महिन्यात विचारलं, “बंगळूरला समुद्र नाही, मग तू मासे आणतेस कुठून?” आई, तू त्यांना ‘माश्यांवर संशोधन’ म्हणालीस आणि त्यांनी ‘माशांवर’ ऐकलं. आपल्या गावात दुसरं काय ऐकणार! बाबांनी बागायतदारांत ‘मुलगी फळमाशीवर पीएचडी करते’ असं सांगितलं, तर मला दोघांचे फोन आले, कुठलं औषध मारू म्हणून. बाबा, तुमची फळमाशी वेगळी. ती बॅक्ट्रोसेरा. चांगल्या, भरत आलेल्या आंब्याच्या सालीत टोक खुपसून अंडी घालणारी, जिच्या नरांसाठी तुम्ही मिथाइल युजेनॉलचं आमिष लावलेले ‘रक्षक’ सापळे टांगता. माझी म्हणजे केळं काळं पडलं की भोवती घोंगावणारं साधं चिलट, ड्रोसोफिला. तिला धड फळाची साल भेदता येत नाही. ती आंबलेल्यावर येते, तेही फळापेक्षा त्यातल्या यीस्टसाठी. इंग्रजीत दोघींना एकच नाव, म्हणून हा घोळ. तेव्हा ते फोन आता थांबवा.

आता रजेचं. दोन जातींचा संकर करायचा तर मादी कोरी लागते, म्हणजे नराशी गाठ न पडलेली. एकदा गाठ पडली की ती त्याचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढे कितीतरी दिवस त्याचीच पिल्लं होत राहतात. कोशातून बाहेर आल्यावर पंचवीस अंशांत साधारण आठ तास ती नराला जवळ करत नाही. तेवढ्यात तिला उचलायचं. म्हणून सकाळी बाटल्या झाडून रिकाम्या करायच्या, दुपारी निवडायच्या, संध्याकाळी उशिरा पुन्हा. रविवार असो की चतुर्थी. कार्बन डायऑक्साइडच्या पाटावर माश्या बेशुद्ध पडलेल्या असतात आणि मी मायक्रोस्कोपखाली चित्रकलेच्या बारीक ब्रशने एकेक बाजूला सारते. नुकती जन्मलेली मादी फिकट असते, फुगीर, पोटावर एक काळसर ठिपका. आई, तू परातीत तांदूळ पसरून खडे निवडतेस ना, हात अगदी तसाच चालतो. फक्त हे भिशीत सांगू नकोस की पोरगी बंगळूरला बसून कुमारिका निवडते.

आणि गणपतीचं म्हणशील तर यंदा ओणम लागूनच आला. माझ्या बाकाशेजारची मल्याळी मुलगी आणि मी, आम्ही एकमेकींच्या माश्या सांभाळतो. दोघींनी एकदम जाऊन चालत नाही. चिठ्ठ्या टाकल्या, तिचं नाव निघालं. एवढंच झालं होतं. तुम्हाला वाटलं मला यायचंच नव्हतं.

तुम्ही दोघं इथे आलात तर आईला आमचं स्वयंपाकघर दाखवीन. माश्यांचं खाद्य इथेच शिजतं: मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगार. ते बघणाऱ्या अक्का कोलारच्या आहेत. मोठ्या पातेल्यात ढवळताना त्यांचा हात थांबत नाही, नाहीतर तळाला लागतं आणि गुठळ्या होतात. तुझ्या तांदळाच्या उकडीसारखंच, फक्त आल्या-मिरचीऐवजी शेवटी बुरशी धरू नये म्हणून आम्ल घालतात, आणि तेही जरा निवल्यावर, नाहीतर उडून जातं. निवलं की नाही हे अक्का पातेल्याला हाताची पाठ लावून सांगतात. मी थर्मामीटर घेऊन उभी असते आणि आकडा त्यांच्याशी जुळतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांची पीएचडी अक्कांच्या पातेल्यावर उभी आहे, पण संशोधनाच्या पेपरवर त्यांचं नाव येत नाही. फार तर शेवटी आभाराच्या ओळीत. हे मला पटत नाही. माझ्या प्रबंधात त्यांचं नाव पहिल्या पानावर असेल.

गेल्या मेमध्ये तुम्ही पाठवलेल्या पेटीने इथे काय गोंधळ घातला ते सांगितलंच नाही. माश्यांच्या खोलीत फळ न्यायला सक्त मनाई, म्हणून आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात बसून हापूस खाल्ला. बंगाली, तमिळ, एक पंजाबी, सगळ्यांची कोपरापर्यंत धार. आमच्या गाईड चार खाऊन ‘बस’ म्हणाल्या आणि मग पाचवा उचलला. (हो आई, मी त्यांना नावाने हाक मारते. इथे सगळेच मारतात, उद्धटपणा नव्हे.) कुणीतरी बाठे आतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी दार उघडलं तर चिलटांचा ढग! आता यातल्या आमच्या पळालेल्या कोण आणि बाहेरच्या कोण? आमच्या काहींचे डोळे पांढरे, काहींचे नारिंगी, त्या ओळखू आल्या. पण लाल डोळ्यांच्या आमच्याकडेही आहेत आणि बाहेरच्या तर सगळ्याच लाल. बाहेरचा एक नर बाटलीत शिरला की ती जात बाटली. आठवडाभर व्हिनेगरचे सापळे लावून बसलो होतो, बाबा, अगदी तुमच्यासारखे. तेव्हापासून नियम झालाय: हापूस चालेल, बाठा ज्याचा त्याने घरी न्यायचा.

पांढऱ्या डोळ्यांवरून आठवलं. १९१० साली न्यूयॉर्कला टॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाला लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. ज्या जनुकामुळे डोळा लाल होतो, त्याचं नाव तेव्हापासून ‘व्हाइट’. कारण ते बिघडलं की डोळा पांढरा होतो. आमच्यात नावं अशी खोडीवरून पडतात, वाडीत पडतात तशीच. एक जनुक बिघडलं की माशी फारशी झोपतच नाही. त्या माशीचं नाव जपान्यांनी ठेवलं ‘फुमिन’, म्हणजे निद्रानाश.

आणि आई, तू एकदा म्हणालीस, चिलटांवर कोण आयुष्य घालवतं! ओबेद सिद्दीकींनी १९६२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि पुढे चिलटांनाच धरलं. त्यांच्याकडे शिकायला आल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज. घराणं गोव्याचं, म्हणजे आपल्या खालच्या अंगाचंच, जन्म केनियाचा. चिलटाला चव आणि वास कसा कळतो, यावर त्यांनी उभी हयात काढली. २०१० मध्ये गेल्या. आम्ही पहिल्या वर्षी त्यांचे पेपर वाचतो.

माझं काम झोपेवर. चिलटं झोपतात हे २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. बोटभर लांब, पेन्सिलीहून बारीक काचेची नळी, एका टोकाला खाद्य, दुसऱ्याला बोळा, मध्ये एक माशी. नळीच्या मधोमध न दिसणारा किरण जातो आणि माशी तो किती वेळा ओलांडते ते यंत्र मोजत बसतं. एका यंत्रात अशा ३२ नळ्या. पाच मिनिटं हालचाल नाही, तर झोपली असं धरायचं. रात्री झोपू दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी ती भरून काढते. कॉफीतलं कॅफीन दिलं तर जागी राहते. आणि म्हातारी झाली की तिची रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत मोडते, दिवसा पेंगते. दुपारी पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत कोण असतं, ते मी लिहीत नाही.

एक जनुक बदललं की म्हाताऱ्या माशीला सलग झोप लागते, असं मला तिसऱ्या वर्षी दिसलं होतं. तेव्हा मी फोनवर जरा जास्तच उड्या मारल्या आणि तुम्ही देवाला नारळ दिलात. बाबा, ते खोटं निघालं. म्हणजे मी खोटं बोलले नाही, पण एक कलम विहिरीजवळ आणि दुसरं कातळावर लावून ‘पहिल्याला खत लागू पडलं’ म्हणावं तसं ते होतं. माझ्या दोन्ही माश्यांचं, जनुक बदललेल्या आणि न बदललेल्या, मूळ घराणंच वेगळं होतं. सहा पिढ्या एकाच घराण्याशी संकर करून दोघींची जमीन सारखी केली, त्याला तीन महिने लागले. मग त्या म्हाताऱ्या व्हायची वाट बघितली, आणखी पन्नास दिवस. फरक उरलाच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लॅब मीटिंगमध्ये शेवटचा आलेख लावला तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग गाईड म्हणाल्या, दुसऱ्या कुणी दाखवून देण्याआधी तू शोधलंस ते बरं. त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडले आणि खाली येऊन तुम्हाला फोन केला. आई, तू विचारलंस ‘जेवलीस का’, मी ‘हो’ म्हटलं. जेवले नव्हते.

ते वर्ष सगळंच तसलं. फेलोशिप चार महिने आली नाही, कागद कुठल्या टेबलावर होता देव जाणे. मी लागले तेव्हा महिना ३१ हजार होती, २०२३ पासून ३७ झाली, पुढच्या टप्प्याला ४२. पाच वर्षांची असते, ती संपली. आता प्रोजेक्टमधून मिळतं. ‘कधी संपणार’ असं मामा विचारतो त्याला सांगा, प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली, आणि त्यातलं एक त्या न उरलेल्या फरकाचंच आहे.

आत्ताची तुकडी आज ४८ दिवसांची झाली. एक दिवसाआड त्यांना ताज्या खाद्यावर घालते आणि बाटलीच्या तळाशी मेलेल्या मोजून वहीत लिहिते. काल सात. ते लिहिताना तुमचा तो ‘लास्ट सीन’ बघितला, आणि म्हणून हे पत्र. बाबा, माझ्या चिलटांवरून तुम्हाला काही सल्ला देता येत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण रात्री लघवीला किती वेळा उठता ते डॉक्टरांना खरं सांगा. दुपारी चारनंतरचा चहा बंद. आईचंही तेच, गुडघ्यापायी ती किती वेळा उठते ते तीही सांगत नाही.

दिवाळीला चिठ्ठ्या नाहीत, पाळी माझी. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्याची बस धरते, म्हापशाहून कणकवली, तिथून दुपारपर्यंत घरी. पहिल्या आंघोळीला नसेन, पण फराळाला आहे. तोवर एक काम करा. आई कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिते ना, त्याच्याच खाली रोज रात्री किती वाजता जाग आली आणि परत कधी डोळा लागला, ते लिहा. दोघांचं वेगवेगळं, आणि गाळायचं नाही. आले की बघते.

तुमची,
बाय