समासातल्या 'कशावरून?'साठी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या केअर प्लॅनच्या, म्हणजे पेशंटच्या काळजीच्या लेखी आराखड्याच्या, फायली तपासताना तुम्ही लाल पेनाने फारसं लिहीत नव्हता. समासात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, "कशावरून?" आज आभार मानायचे आहेत ते या शब्दाचे. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंय, कारण त्याच चुका दर बॅचच्या फायलीत त्याच रकान्यांत सापडतात आणि तुम्ही सांगितलेलं आमच्याच कपाटात पडून राहायला नको.

सुरुवात श्वसनाच्या आकड्यापासून. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर श्वसन २० असेल, तर ते कुणी मोजलेलंच नाही. तुमची पद्धत अशी की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवायची, नजर छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. श्वास मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून ही चोरी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारावर जाते, आणि २० नि २४ मधला फरक तिथेच हरवतो. पेशंट बिघडायला लागला की रक्तदाब पडायच्या आधी बऱ्याचदा हाच आकडा वर सरकलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे गॉर्डनच्या ११ पॅटर्नचा फॉर्म, म्हणजे झोपेसारख्या अकरा मुद्द्यांवर पेशंटची माहिती विचारून भरायचा तक्ता. त्यात "झोप: नॉर्मल" असं लिहिलेलं असायचं आणि शेजारी तुमचा लाल शब्द. रात्री किती उशा लागतात, झोपेतून दम लागून उठून बसावं लागतं का, लघवीला किती वेळा उठता, हे तीन प्रश्न विचारले की झोपेच्या रकान्यात हृदयाची माहिती येऊन बसते. एकाऐवजी तीन उशा लागायला लागल्या, हे वाक्य पेशंटच्या शब्दांत जसंच्या तसं लिहायचं. त्याचं "ऑर्थोप्निया प्रेझेंट" (आडवं झालं की दम लागतो) करायचं असेल तर ते खाली, वेगळ्या ओळीत.

खरी गंमत नर्सिंग डायग्नोसिसमध्ये, म्हणजे नर्सने हाताळायची पेशंटची समस्या जिथे लिहितात तिथे. "हार्ट फेल्युअरमुळे एक्सेस फ्लुइड व्हॉल्यूम" (शरीरात जादा पाणी) असं लिहिलं की तुम्ही त्यातल्या 'मुळे'भोवती गोल काढायचात. हार्ट फेल्युअर हे डॉक्टरांचं निदान. 'मुळे'च्या आधी असं काहीतरी हवं ज्याला नर्सचा हात पोचतो. हृदयाचा पंप कमी पडतो, म्हणून मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, असं लिहिलं की पुढची कामं आपोआप दिसतात: मीठ, पाणी, वजन, लघवी. मग पुरावा. दोन दिवसांत वजन २ किलोंनी वाढलंय, घोट्यावर बोट दाबून काढलं तरी खड्डा राहतो, फुप्फुसांच्या तळाशी क्रेप्स (चुरचुर आवाज) ऐकू येतात. समस्या, कारण, पुरावा: पीईएस (प्रॉब्लेम, इटिऑलॉजी, साइन्स-सिम्प्टम्स) म्हणून पाठ केलेल्या तीन अक्षरांचं काम एवढंच. निदानांना एकसारखी भाषा असावी म्हणून १९७३ मध्ये अमेरिकेत पहिली परिषद भरली आणि त्यातून पुढे नांदा, म्हणजे नर्सिंग निदानांची यादी ठरवणारी संस्था, उभी राहिली. हेतू नेमकेपणाचा होता. आपण ती यादी मेन्यूकार्डासारखी वापरतो, हे तुमचं म्हणणं अजूनही खरं आहे.

श्वासाची तीन निदानं तर सगळेच एकमेकांत मिसळतात. चिकट बेडका आहे, खोकून बाहेर पडत नाही, छातीत घरघर आहे, तर ते इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स. पोटाच्या ऑपरेशननंतर टाक्यांच्या दुखण्याने पेशंट उथळ आणि भरभर श्वास घेतोय, तर इनइफेक्टिव्ह ब्रीदिंग पॅटर्न. हवा आत पोचते, पण वायुकोशांत ऑक्सिजनची देवाणघेवाण नीट होत नाही आणि ते एबीजीत (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) किंवा एसपीओटूत (बोटाला यंत्र लावून मोजलेला ऑक्सिजन) दिसतंय, तर इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज. फरक केवळ नावांचा असता तर कुणी वाद घातला नसता. दुखण्यामुळे उथळ श्वास घेणाऱ्याला नेब्युलायझर लावून हाती काही लागत नाही. त्याला आधी लिहून दिलेलं वेदनाशामक द्यायचं, त्याचा असर होईपर्यंत थांबायचं, पोटावर उशी घट्ट धरायला लावायची आणि मग दीर्घ श्वास नि खोकणं. 'मुळे' चुकलं की खालची अख्खी ओळ चुकते. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा आजार) पेशंटसाठी आम्ही सर्रास "एसपीओटू ९८ टक्क्यांच्या वर ठेवणे" लिहायचो. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांसाठी लक्ष्य साधारण ८८ ते ९२ टक्के असतं, आणि डॉक्टरांनी फाइलवर काय लिहिलंय ते आधी बघायचं, हे तुम्हीच दाखवलंत.

'रिस्क फॉर' (अमुक होण्याचा धोका) या निदानांचा गोंधळ वेगळा. धोका म्हणजे अजून झालेलं नाही, त्यामुळे तिथे लक्षणं लिहायची नसतात, कारणीभूत गोष्टी लिहायच्या. पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमांचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलचे सहा मुद्दे, बेरीज ६ ते २३, आणि १८ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका. पण माकडहाडाशी लाली आहे आणि बोटाने दाबल्यावर ती पांढरी पडत नाही, तर तो 'रिस्क' राहिला नाही, पहिल्या टप्प्याची जखम झालेली आहे. काळ्यासावळ्या कातडीवर ही लाली बऱ्याचदा दिसत नाही. तिथे हाताची मागची बाजू लावून आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, टणक लागतं का, पेशंटला दुखतं का, ते बघायचं. पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, म्हणून ही चूक होते. कूस बदलण्याबद्दलही तेच. "दर दोन तासांनी" एवढं लिहून भागत नाही. डावी, पाठ, उजवी असा क्रम आणि वेळा लिहायच्या, कुशीवर साधारण ३० अंशांचा कल द्यायचा आणि पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा गादीवर टेकणार नाहीत. टाचेखाली उशी ठेवली तर दाब तिथेच राहतो, आणि हे प्रत्येक वॉर्डात एकदा तरी बघायला मिळतं.

गोलच्या, म्हणजे उद्दिष्टाच्या, रकान्यात आम्ही स्वतःचीच कामं लिहायचो. "पेशंटला कुशीवर वळवणे" हे इंटरव्हेन्शन, म्हणजे नर्सने करायचं काम, झालं. गोल पेशंटचा असतो आणि त्याला आकडा नि वेळ लागते. "शिरेतून वेदनाशामक दिल्यानंतर ३० मिनिटांत पेशंट वेदना १० पैकी ७ वरून ३ किंवा त्याखाली सांगेल." "बरं वाटेल" हे कुणी मोजायचं?

आता वजनाचं. हार्ट फेल्युअरच्या केस स्टडीत सगळ्यात सोपं दिसणारं आणि सगळ्यात जास्त चुकणारं काम हेच. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर आणि तितक्याच कपड्यांत. एका किलोची झटपट वाढ म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. आज सकाळी उपाशीपोटी आणि उद्या जेवून शाल पांघरून वजन केलं तर तो किलोभर फरक शरीराचा की शालीचा, कोण सांगणार? तुमच्या एका शेऱ्यामुळे आम्ही पाण्याचा हिशोबही नीट करायला शिकलो. दिवसाला १५०० मिलिलिटरची मर्यादा आहे आणि अँटिबायोटिक १०० मिलिलिटर सलाईनमधून दिवसातून तीनदा जातंय. म्हणजे ३०० तिथेच गेले, तोंडाने १२०० उरले, आणि गोळ्यांबरोबरचं पाणी त्यातच धरायचं. इनटेकच्या रकान्यात फक्त प्यालेलं पाणी लिहिणारी फाइल दिवसभरात तीनशेने खोटी असते.

औषधांच्या कार्डावर वीस साइड इफेक्ट उतरवण्यापेक्षा देण्याआधी काय बघायचं ते लिहा, असं तुम्ही म्हणायचात. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून जादा पाणी काढणारं औषध) असेल तर रक्तदाब, पोटॅशियम, आधीच्या शिफ्टची लघवी. शिरेतून २० ते ४० मिलिग्रॅम असेल तर १ ते २ मिनिटांत सावकाश, कारण मोठी मात्रा भरभर ढकलली तर कानांना इजा होऊ शकते. दिवसातून दोनदा असेल तर दुसरी मात्रा दुपारी, नाहीतर पेशंट रात्रभर लघवीला उठतो, झोप मोडते आणि अंधारात पडतो. सोबत डिगॉक्सिन (हृदयाचे ठोके सावकाश करणारं औषध) असेल तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे. मोठ्या माणसात ते ६० च्या खाली असतील तर मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम लवकर होतो, म्हणून ही दोन कार्डं शेजारी शेजारी.

शेवटचा रकाना इव्हॅल्यूएशन, म्हणजे मूल्यमापन. "गोल पार्शली मेट" (उद्दिष्ट थोडंफार गाठलं) हे तीन शब्द आम्ही रबरी शिक्क्यासारखे वापरले. तिथे आकडा हवा. आणि वजन तीन दिवसांत हललं नसेल तर आधी काय तपासायचं? काटा तोच होता का, मात्रा खरंच गेल्या का, सलाईनचं पाणी मोजलं का, भेटायला येणाऱ्यांनी खारट काही खायला दिलं का. यातलं काहीच नसेल तर मग निदानाकडे परत. घरी जाताना "डाएटबद्दल माहिती दिली" हा पुरावा होत नाही. पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की दिवसात किलोभराहून किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वजन वाढलं तर मी दवाखान्यात कळवेन. तेच वाक्य अवतरणात लिहायचं.

एका बाबतीत मात्र आमचं तुमच्याशी अजून पटलेलं नाही. प्रत्येक केसला पाच निदानं हवीत, हा नियम. चौथ्या-पाचव्या जागी मग "नॉलेज डेफिसिट" (माहितीची कमतरता) आणि "अँग्झायटी" (काळजी, घबराट) येऊन बसतात, पेशंट शांत असला तरी. तीन नीट लिहून घ्यावीत आणि उरलेला वेळ त्या पेशंटच्या खाटेशी घालवू द्यावा, असं आम्हाला वाटतं. कशावरून, असं विचाराल, म्हणून सोबत मेडिकल वॉर्डातल्या चार जुन्या फायली जोडल्या आहेत. पेशंटची नावं आणि नोंदणी क्रमांक काढून टाकलेत, वय आणि निदान तेवढं ठेवलंय. चौथं-पाचवं निदान वाचून बघावं आणि समास कोरा सोडू नये.

कळावे,

तुमच्या क्लिनिकल बॅचमधल्या आम्ही सगळ्या आणि सगळे