कोण राहिलंय का गं? बोर्डिंगच्या बाईंना उघडं पत्र

प्रिय बाई,

सप्रेम सलाम.

हे असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, मला माहीत आहे. पण बंद पाकीट पाठवलं असतं तर तुम्ही ते एकदा वाचून उशीखाली सारलं असतं आणि भाचीनं विचारलं तर "पोरींचं काहीतरी असतं" म्हणून विषय मिटवला असता. असं उघड लिहिण्यात माझा थोडा स्वार्थही आहे. तो शेवटी सांगते.

मी पेटी नंबर तेवीस. हिरव्या पत्र्याची, कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली. १९८९ च्या जूनमध्ये आईनं मला तुमच्या ओसरीवर आणून बसवलं तेव्हा त्या पेटीत दोन फ्रॉक, एक पातळ सतरंजी आणि शेंगदाण्याचे लाडू होते. लाडू पहिल्याच रात्री संपले. मी एकटीनं खाल्ले नव्हते, हे आता सांगायला हरकत नाही.

नगरच्या मिशन बोर्डिंगांबद्दल लोक लिहितात तेव्हा सुरुवात होते १८३१ पासून, अमेरिकन मराठी मिशन इथं आलं तिथून. मग मिशनरी सिंथिया फरार यांची मुलींची शाळा, तिथं शिक्षिकेचं शिक्षण घेऊन गेलेल्या सावित्रीबाई, मग ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक. सगळं खरंच आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तुम्ही नगर म्हणता म्हणून मीही नगरच लिहिते.) माझ्या डोक्यातलं बोर्डिंग मात्र फार लहान आहे. एक लांब खोली, चौतीस पेट्या, मागं चुलाण, आणि रात्री जेवणं उरकल्यावर दारात उभं राहून तुम्ही विचारायचा तो प्रश्न.

"कोण राहिलंय का गं?"

रोज. आम्ही ताटं घासायला उठलेल्या असायचो, तुमची भाकरी टोपलीत फडक्याखाली थंड होत पडलेली असायची. पंगतीतून एक नजर फिरवून तुम्ही विचारायचा, आणि कुणी ना कुणी राहिलेली असायचीच. एकीला ताप, एक रुसलेली, एक नळावर कपडे धुताना वेळेचं भान विसरलेली. ती येऊन जेवेपर्यंत तुम्ही पाटावर बसायचा नाही. हुलग्याचे शेंगोळे असले की आम्ही मुद्दाम "कुणी नाही बाई" असं एका सुरात ओरडायचो, उरलेलं आम्हाला मिळावं म्हणून. तरी तुम्ही ताटं मोजायचा.

तेव्हा मला तुम्ही संशयी वाटायचा.

आज मी एका सरकारी रुग्णालयात वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. हाताखाली अकरा स्टाफ, चार मावशी, तीन मामा. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात आमची शोभा नाही. ड्यूटी संपताना हँडओव्हर होतो: कुणाचं सलाईन चालू, कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाला उपाशी ठेवायचं. सगळं झालं की मी वही मिटते आणि विचारते, "कोण राहिलंय का?" नव्या मुली पहिल्या दिवशी गोंधळतात. सगळे तर सांगून झाले! मग कुणाला तरी आठवतं की नऊ नंबरच्या आजोबांबरोबरची म्हातारी कालपासून व्हरांड्यात बसून आहे आणि तिला कुणी चहाही विचारलेला नाही.

१६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं. त्याच्या आधी याद्या गेल्या. आमच्या वॉर्डाची यादी हातात आली, नावं बरोबर होती, मी सही करायला पेन उघडलं आणि सवयीनं तोंडातून निघालं, कोण राहिलंय? कंत्राटावरचे सफाईवाले राहिले होते. तिघंही. कोविडच्या वॉर्डात सगळ्यांत आधी शिरणारे आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडणारे. ते "आपले" नव्हते, ठेकेदाराचे होते, ठेकेदाराला वाटलं रुग्णालय नावं देईल. वाईट कुणीच नव्हतं, नुसती कुणी ताटं मोजली नव्हती. दोन दिवस तीन टेबलं फिरले, चार माणसांची बोलणी खाल्ली, नावं चढली. त्यातल्या एका मामांनी नंतर मला पेरू आणून दिले. आभार तुमचे होते, बाई, पेरू मी खाल्ले.

हल्ली मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुणांच्या शिबिरात "हेतुपूर्ण जीवन" आणि "ख्रिस्ती नेतृत्व" अशा विषयांवर बोलायला मला बोलावतात. फळ्यावर मोठ्ठी अक्षरं असतात, प्रोजेक्टर असतो. मी काय बोलणार? मला तर नेतृत्व म्हटलं की तुमची ती थंड भाकरी आठवते. शंभरांतलं एक मेंढरू हरवलं तर नव्याण्णव मागं ठेवून मेंढपाळ त्याच्या शोधात जातो, हा बायबलमधला दाखला मी शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेपासून ऐकतेय. पण ते एक हरवलंय हे त्याला कळलं कसं, हे मला कुठल्याच उपदेशात कुणी सांगितलं नव्हतं. आता मी शिबिरात तेवढंच सांगते. तो रोज संध्याकाळी मोजत असणार.

आता दहा रुपयांची गोष्ट. ती सांगू नको असं तुम्ही म्हणाल, म्हणूनच सांगते.

मी सातवीत होते. रविवारच्या दानाच्या थैलीत दहाची नोट कमी भरली. आदल्या संध्याकाळी थैली शिवायला मी घेतली होती. तुम्ही सगळ्या खोलीसमोर माझी पेटी उघडायला लावलीत, सुतळी तुम्हीच सोडलीत. नोट सापडली नाही. "बोलत नाहीस म्हणजे घेतली आहेस," असं तुम्ही म्हणालात. त्या दुपारी मी नळामागं बसून ठरवलं की पळून जायचं. दौंडपर्यंत गाडी जाते एवढं माहीत होतं, पुढचं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला बाजाच्या पेटीवर सूर धरला गेला, तुम्ही उपासना संगीताचं पुस्तक उघडलंत आणि थांबलात. नोट त्यात होती. खूण म्हणून तुम्हीच ठेवलेली. पुस्तक मिटून गाणं म्हणता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तुम्ही ती नोट वर धरलीत.

"मी हिला चोर म्हणाले. सगळ्यांच्या समोर म्हणाले, म्हणून सगळ्यांच्या समोर सांगते. चूक माझी. तेवीस नंबर, मला क्षमा कर."

आणि हात जोडलेत. बारा वर्षांच्या पोरीपुढं. कंदिलाच्या उजेडात तुमची हनुवटी थरथरत होती ते मला दिसलं. मी काहीच बोलले नाही. मला क्षमा करायची नव्हती, खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. तुम्ही उत्तराची वाट पाहिली नाहीत. गाणं सुरू केलंत, नेहमीसारखं बेसूर.

गेल्या वर्षी औषधाच्या कपाटाची किल्ली हरवली. मी एका नव्या स्टाफला सगळ्यांपुढं बोलले, नको ते बोलले. रात्री घरी एप्रन धुवायला टाकताना किल्ली माझ्याच खिशातून पडली. बाई, तुम्हाला एक क्षण लागला होता, मला पूर्ण रात्र लागली. दर तासाला नवी युक्ती सुचत होती: किल्ली गुपचूप टेबलाखाली टाकावी, सापडली असं सांगावं, तिला एकटीला बाजूला घेऊन बोलावं. सकाळी हँडओव्हरला मी किल्ली वर धरली. वाक्यही तुमचंच वापरलं, शब्दन् शब्द. ती पोर रडली. एक मावशी म्हणाली, "सिस्टर, एवढं कशाला?" त्यानंतर एक गोष्ट घडली, ती मी ठरवलेली नव्हती: आमच्या वॉर्डात चुका लवकर कळायला लागल्या. चुकीची सुई टोचण्याआधी कुणीतरी "सिस्टर, मला खात्री नाही" असं म्हणायला लागलं. आमच्या कामात या एका वाक्यानं माणूस वाचतो.

तुम्ही आम्हाला केडगावला नेलं होतं ते आठवतं? आमच्या शेजारचं केडगाव नव्हे, दौंडच्या पलीकडचं, मुक्ती मिशनचं. जायच्या आधी अर्ध्या पोरींना वाटलं चालतच जायचंय. दौंडला गाडी बदलताना आमचं सगळं लक्ष भेळवाल्याकडं होतं. पंडिता रमाबाईंबद्दल तुम्ही सांगत होतात आणि आम्ही चुरमुरे मोजत होतो. तरी काही कानात राहिलंच. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात तिचे आईवडील गेले, मग बहीण गेली. ती आणि भाऊ उरले आणि पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथं तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. दोन वर्षांत भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन. आणि १८९६ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा ती स्वतः तिकडं गेली आणि उपाशी मुली, विधवा पोरी गोळा करून घेऊन आली. त्यांच्यासाठीच १८९८ मध्ये केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं.

कबरीपाशी आम्ही रांगेत उभ्या होतो. तुम्ही म्हणालात, हिनं हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल असं. पण मला वेगळीच गोष्ट नवलाची वाटते, असं म्हणून तुम्ही छापखान्याचं सांगितलंत. दुष्काळातून आलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या पोरींना तिनं खिळे जुळवायला शिकवलं आणि ते बायबल त्यांच्याच हातांनी छापलं गेलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये ती स्वतः गेली, पूर्ण पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. तोवर काम पोरींच्या हातात गेलेलं होतं, त्यामुळं ते थांबलं नाही. त्या रात्री परतल्यावर तुम्ही बोर्डिंगच्या किराण्याची वही आठवीच्या मुलींकडं दिलीत. आम्ही पहिल्याच महिन्यात तेलाचा हिशोब चुकवला.

तुम्ही संत होतात असं मी लिहिणार नाही. जानेवारीत थंड पाण्यानं डोकं धुवायला लावणं मला अजून पटत नाही. जत्रेला न सोडणं तर मुळीच नाही. आणि वडील गेल्यावर मी सहा वर्षं मंडळीत पाऊल ठेवलं नाही, तेव्हा तुम्ही मला समजवायला याल म्हणून मी भांडणाची तयारी करून बसले होते. तुम्ही आला नाहीत. दर नाताळला एक पोस्टकार्ड यायचं. पाऊस किती झाला, विहिरीला पाणी किती, कोणाचं लग्न जमलं. खाली एक ओळ: "तुझी पेटी अजून आहे." सहाव्या कार्डानंतर मी पेटी घ्यायला आले आणि रविवार असल्यामुळं उपासनेला बसावं लागलं. ते तुम्ही तारीख पाहून बोलावलं होतंत असा माझा आजही संशय आहे.

नर्सिंगला जाताना तुम्ही एकच ताकीद दिली होती. "खाटेवरच्या माणसाला उपदेश करायचा नाही. त्याला पळून जाता येत नाही." सव्वीस वर्षं पाळलेय. कुणी स्वतःहून "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर करते, तिथंच, हळू आवाजात. बाकी त्याचं अंथरूण कोरडं आहे का ते पाहते.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडं आले होते. तुमची दृष्टी कमी झालीय, पण लसूण अजून हातानं चाचपून सोलता. मी सहज विचारलं, तो प्रश्न तुम्ही कुठं शिकलात, तुमच्या बाईंकडून? तुम्ही बराच वेळ सोलतच राहिलात. मग सांगितलंत. १९७२. दुष्काळी कामावर खडी फोडायला तुम्ही आईबरोबर जायचा. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, ती घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, वाटायचे. एक दिवस तुमच्या बोटाला हातोडी लागली, चिंधी बांधून रांगेत यायला उशीर झाला, आणि तुमच्यासमोर डब्याचं झाकण लागलं. डब्यात सुकडी होती, तुम्हाला दिसली. "त्यानं नाही म्हटलं नाही गं," तुम्ही म्हणालात, "त्यानं विचारलंच नाही."

एवढंच बोललात आणि सालं पदरात गोळा केलीत. पन्नास वर्षांपूर्वीचं एक झाकण, आणि त्यापायी आम्ही चौतीस जणी एकही रात्र उपाशी झोपलो नाही. आभार मानायला शब्द शोधत होते, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "तुझ्या वेळच्या सगळ्या पोरी कुठं असतात आता? कोण राहिलंय?"

आता तो स्वार्थ. त्या दिवसापासून आम्ही शोधतोय. चौतीसपैकी एकतीस सापडल्या. एक शिक्षिका, दोघी अंगणवाडीत, एकीचा पुण्यात मेसचा डबा आहे, एक नाशिकला रिक्षा चालवते, दोघी देवाघरी गेल्यात, त्याही आम्ही सापडलेल्यांतच धरल्या. तीन पेट्या राहिल्यात. चार नंबर: आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर कुणी न्यायला यायचं नाही, वेणीला कायम निळी रिबीन. एकोणीस नंबर: पेटी छान वाजवायची, दहावीच्या आधीच शाळा सुटली. तीस नंबर: जिनं माझे लाडू खाल्ले.

हे कुणाच्या वाचनात आलं आणि ओळख पटली तर बाईंच्या घरी निरोप द्या. नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळ्या तिथं जमणार आहोत. स्वयंपाक शेंगोळ्यांचा आहे. बाईंनी सांगून ठेवलंय की ताटं चौतीसच मांडायची.

तुमची,
पेटी नंबर तेवीस