वकीलताई, त्या बशीतल्या चहाबद्दल

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

धाकटा भाऊ चौथ्यांदा तुरुंगातून सुटला त्याला परवा पाच महिने झाले. इतके दिवस तो सलग घरी राहिलाय, हे आमच्याकडे पहिल्यांदाच. आधी महिन्या-दीड महिन्यात ठाण्यातून फोन यायचाच. कधी कुणाचा मोबाइल उचललेला, कधी सायकल. गल्लीत त्याचं नावच सराईत पडलं होतं.

त्याला आवाज ऐकू येतात, एकोणिसाव्या वर्षापासून. ते थांबावेत म्हणून आधी दारू, मग कुत्ता गोळी. मालेगावपासून नाशिकपर्यंत हे नाव पोरासोरांना पाठ आहे. औषधाचं नाव अल्प्राझोलाम, खरं तर घबराटीवरचं. गोळीसाठी चोरी, चोरीपायी आत. आत गोळी एकदम तुटली की हात कापायचे, झोप उडायची. एकदा फिट आली, तर तेही नाटक ठरलं. सुटताना हातात कपड्यांची पिशवी, औषधाची चिठ्ठी नाही. बाहेर आला की पुन्हा तेच आवाज, आणि नाक्यावर गोळीवाला उभाच.

आम्ही दारं कमी ठोठावली नाहीत. व्यसनमुक्तीवाले म्हणाले, डोक्याचा पेशंट आम्ही घेत नाही. डोक्याचे डॉक्टर म्हणाले, आधी नशा सोडवून आणा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-नशेशी जोडलेले मनाचे विकारही मानसिक आजारातच धरलेत, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं. त्या दोघांनी तो वाचला नसावा.

जामीन, अर्ज, तारखा यातलं मला अजून धड कळत नाही. मला चहाबद्दल लिहायचंय.

सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरकडे जायच्या आधी, तुम्ही आम्हाला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या हॉटेलात नेलंत. त्याचे हात इतके कापत होते की कप ओठाला लागेना. शर्टावर सांडला. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. मी नेहमीसारखी मान खाली घातली. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आपला चहा बशीत ओतलात आणि काळ्या कोटात, चारचौघांत, फुर्रकन प्यायलात. मग त्याचाही ओतलात. दोन्ही हातांनी बशी धरून तो प्यायला.

आणि विचारलंत, "झोप लागते का रे?"

इतक्या वर्षांत पोलिसांनी, डॉक्टरांनी, आम्हीसुद्धा एवढंच विचारलं होतं: का केलंस, किती घेतलीस, परत करशील? झोपेचं कुणीच नाही. तो म्हणाला, "नाही लागत, म्हणून तर..." आणि रडला.

फी न घेणारे वकील अजूनही असतील. पण समोरच्याची लाज आपल्या अंगावर घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. त्यात मीही नव्हते, सख्खी बहीण असून.

रात्रीचं औषध तो आता माझ्यासमोर घेतो. मधे तीन दिवस घसरला, ते तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी आपणहून म्हणाला, ताई, डॉक्टरकडे चल.

त्या दिवशीचे चहाचे पैसे तुम्हीच दिलेत, मला देऊ दिले नाहीत. तर एकदा सिडकोत घरी या. आल्याचा करते. बशा आहेत.

तुमची,
त्याची ताई