तारखा परत करू नकोस

वेंगुर्ले,
आषाढ, पाऊस लागून राहिलाय

प्रिय बायो,

तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी वाचला. फोनवर बोलले असते, पण तू मधे मधे ‘पण’ म्हणतेस आणि मग माझं मूळ बोलणं राहून जातं. म्हणून पत्र. सहाव्या महिन्यात झोप येत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा वाचायला वेळ नाही म्हणू नकोस.

इकडे सगळं बंद. जून-जुलैची मासेमारीबंदी, होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या. चातुर्मासामुळे मुहूर्तही नाहीत, त्यामुळे मच्छीमार आणि फोटोग्राफर दोघेही घरी बसून जाळी दुरुस्त करतात. माझी जाळी म्हणजे लेन्समधली बुरशी. परवा पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स उजेडात धरली तर आत कडेला पांढरी नक्षी सुरू झालेली. तुझ्या बॅगा तेवढ्या तपासून घे. चिपळूणची हवा वेंगुर्ल्याहून काही कोरडी नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेव, गुलाबी झालं की गरम करून परत निळं कर, आणि लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे. लग्नाच्या फोटोंसाठी घेतलेल्या डिसेंबर-जानेवारीच्या तारखांचा अॅडव्हान्स परत करावा का, आणि एकदा परत केला की हे काम कायमचं सुटेल का, असं तू विचारलंयस. मला वाटतं तू खरं दुसरंच विचारते आहेस, पण आधी व्यवहाराचं बोलू.

2017 साली कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची केली. छान झालं. पण ती पगारवालीला. आपल्याला पगार नाही, साहेब नाही, रजा मागायची ती वधूच्या बापाकडे, आणि त्याची तारीख गुरुजींनी काढलेली. म्हणून मी माझ्या वेळी लेक पुरती चार महिन्यांचीही नसताना पहिलं लग्न घेतलं, कुडाळजवळच्या एका गावात. आई बरोबर आली. वधूच्याच घरातली एक खोली त्यांनी दिली, त्यात लाइटचे स्टँड, बॅटऱ्यांचे चार्जर, आणि मधे गोधडीवर माझी मुलगी. सकाळी घाणा भरण्यापासून रात्री पाठवणीपर्यंत चालायचं होतं. दूध भरून आलं की ते कन्यादान चालू आहे का कानपिळी, हे बघत नाही. मी घड्याळ बघत होते, ब्लाउज ओला व्हायच्या भीतीने ओढणी सारखी करत होते, आणि तेवढ्यात नवरीची आजी येऊन म्हणाली, “गो बाय, पोर रडता हा तुझा. जा आधी. लगीन खंय पळान जाता?” मी गेले. सप्तपदीतली तीन पावलं माझ्या जोडीदार पोराने काढली आणि चांगली काढली. अल्बममध्ये आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

तेव्हा पहिलं उत्तर: काम सुटत नाही. पण तुझ्याबरोबर एक भरवशाचा ट्रेडिशनलवाला, म्हणजे विधींचे ठरलेले फोटो काढणारा, हवा, आणि बाळाला घेणारं माणूस हवं. ही दोन माणसं नसतील तर कितीही हौस असली तरी उपयोग नाही, हे मी गोड करून सांगणार नाही. ‘आई असूनही सगळं जमवते’ असल्या रीलवर विश्वास ठेवू नकोस. रील काढणारा कोणी तरी असतोच की, आणि बाळ त्या वेळी कोणाच्या तरी कडेवर असतंच.

आता दुसरं. तू लिहिलंस की बाळ झालं की नजर बोथट होते, असं कोणी तरी तुला सांगितलं. माझं उलट झालं. लेक झाल्यावर मला मंडपात आया दिसायला लागल्या. आधी मला काय दिसायचं? मंडपाच्या गुलाबी कापडाने नवरीच्या चेहऱ्यावर आलेली गुलाबी झाक, एलईडी भिंतीचे फोटोत उमटणारे पट्टे, ते टाळायला शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवायची धावपळ, क्रेनवाल्याचं मधे येणं. तुला तरी यापेक्षा वेगळं काय दिसतं? मग एका लग्नात ‘शुभमंगल सावधान’ सुरू झालं आणि मला सवयीने वधूच्या आईचा चेहरा हवा होता. ती मंडपात नव्हतीच. आमच्याकडे काही घरांत मुलीची आई मंगलाष्टकं बघत नाही, तुळशीला पाणी घालत उभी राहते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तिथे जाऊन कॅमेरा लावावा हे सुचलं नव्हतं. मी दुसरा कॅमेरा घेऊन मागीलदारी गेले. बाई तांब्यातून थेंब थेंब पाणी सोडत होती, कारण तांब्या एक आणि मंगलाष्टकं लांब. प्रत्येक ‘सावधान’ला थांबायची, कान द्यायची, परत धार धरायची. शेवटी वाजंत्री सुरू झाली तेव्हा तांब्या रिकामा होता तरी तिने तो उलटा धरून ठेवलेला. मागे जांभ्याची भिंत, शेवाळ आलेली. उजेड फार वाईट होता. तो फोटो त्या घराने अल्बममध्ये घेतला नाही, मोठा करून ओटीवर लावला.

आता मी दर ठिकाणी आधीच विचारते, तुमच्याकडे आई कुठे असते? काही ठिकाणी ती पुढेच असते, काही ठिकाणी वड्यांच्या कढईपाशी. हा प्रश्न मला प्री-वेडिंगच्या निवती-तारकर्लीच्या ड्रोन शॉटपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ड्रोन शॉटचे पैसे मात्र जास्त मिळतात, तेव्हा तोही काढते. उगाच सोवळं नको.

आणि मादागास्कर. तू टोमणा मारलास, ‘इथे लग्नात पाचशे रुपये कमी करत नाहीस, आणि तिकडे जाऊन फुकट फोटो काढतेस.’ खरं आहे. विमानाचं तिकीटही माझंच होतं. ओठ आणि टाळू दुभंगलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या एका पथकाला नोंदीसाठी फोटोग्राफर हवा होता. लेक साडेतीन वर्षांची झाली होती, अंगावरचं केव्हाच सुटलं होतं. ते सुटेपर्यंत मी थांबलेही होते, कारण नैरोबीवरून जायचं तर पीतज्वराची लस घ्यावी लागते, आणि ती जिवंत विषाणूंची असल्याने पाजणाऱ्या आईला सहसा टाळायला सांगतात. सासूबाई म्हणाल्या, “जा, पोर माझ्याकडे ऱ्हवतला.”

मुंबई, नैरोबी, अंतानानारिव्हो, आणि तिथून साडेपाचशेहून जास्त किलोमीटर रस्त्याने महाजंगा बंदर. गाडीतून उतरले तर पायाला लागली ती आपलीच तांबडी माती. बेत्सिबोका नदी ती माती समुद्रात आणते, खाडीचं पाणी पावसाळ्यातल्या आपल्या वहाळासारखं लाल. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती दुकानदार, आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर मधोमध एक अजस्र गोरखचिंच, जिला वळसा घालून गाड्या जातात. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात ही झाडं आहेत, ती आफ्रिकेकडूनच आली. जेवायला तिन्ही त्रिकाळ भात. भांड्याच्या तळाला लागलेल्या करपट भातात पाणी घालून उकळतात आणि तेच पाणी जेवताना पितात. मला सासूबाईंची पेज आठवली, आणि पहिल्यांदाच घरी जावंसं वाटलं.

काम कसं होतं सांगते, कारण तुला ते आवडेल. एक खोली, एकाच रंगाचा पडदा, दोन दिवे पंचेचाळीस अंशांत, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेली जागा. प्रत्येक मुलाचे ठरलेले फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि हनुवटीखालून वर, म्हणजे नाकपुड्या सारख्या आहेत का ते कळतं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, तोच उजेड, तेच अंतर. सुंदर दिसता कामा नये. आयुष्यभर मी उजेड वाकवून माणसं गोरीगोमटी केली, इथे उजेड वाकवला तर डॉक्टरांची फसवणूक. पहिले काही दिवस माझा हात सारखा एक दिवा खाली करायला जायचा.

तान्ही मुलं स्थिर बसत नाहीत. मग आई स्टुलावर, मूल मांडीवर, आईचा एक हात मुलाच्या कपाळावर आणि दुसरा छातीशी. फ्रेम चेहऱ्यापुरती, त्यामुळे आईचं डोकं बाहेर आणि बोटं आत. रात्री कार्ड रिकामं करताना बघायचे तर ओळीने बोटं. भेगाळलेली, मेंदी काढलेली, अंगठी दोऱ्याने बांधलेली. डॉक्टरांच्या नोंदीत ती कशाचीच नोंद नव्हती. मला मात्र बोटांवरूनच आया ओळखू यायला लागल्या.

सगळ्यांना घेत नाहीत. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर ढोबळ नियम धरतात: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. खोकला-ताप असला की परत पाठवायचं. बसने दोन दिवस प्रवास करून आलेल्या बाईला ‘वजन कमी आहे’ हे सांगायचं काम माझं नव्हतं, पण फोटो काढून झाल्यावर तिला परत जाताना बघणं होतंच. पथकातल्या काही जणांना आधी रडणारं, नंतर हसणारं मूल असे जोडफोटो हवे असत, देणगी गोळा करायला. मी काढले, पण मनापासून आवडले नाहीत. पार्लरवालीच्या जाहिरातीत नवरीचं असंच करतात. त्यात आईने त्या मुलाला महिनोन् महिने बोंडल्याने, चमच्याने, थेंब थेंब करून जगवलं, ते कुठे दिसतं?

आणि हो, इथे काय कमी होतं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. सातशे जन्मांमागे साधारण एका मुलाला हे होतं, आपल्याकडेही होतं. पण आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची तपासणी आणि उपचार येतात, शिवाय कित्येक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. अडचण वेगळीच आहे. लोक ‘ग्रहणात विळीला हात लावला असेल’ म्हणून आईला बोलतात आणि पोर घरात लपवतात. तिथेही दोष आईलाच लावतात, कारणं फक्त वेगळी. तुझ्या मावशी ग्रहण आलं की तुला चाकू-सुरी लपवायला सांगतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण फॉलिक अॅसिडची गोळी आणि सोनोग्राफी चुकवू नकोस. मी परत आल्यावर इथल्या एका आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना शस्त्रक्रियेआधी-नंतरचे फोटो, पालकांच्या परवानगीने मिळालेले तेवढे, दाखवायला देऊ लागले. लपवलेली पोरं बाहेर काढायला ते उपयोगी पडतात असं त्या म्हणतात. लग्नाचा दर मात्र कमी करणार नाही.

लेकीचं विचारशील. व्हिडिओ कॉलवर ती पहिल्या दिवशी बोलली, मग फोन दिसला की पळायची. परत आले तर बरेच दिवस सासूबाईंच्या पदराआडून माझ्याकडे बघायची, पाहुण्या बाईकडे बघावं तशी. मला ते लागलं, अजून लागतं. पुन्हा गेले असते का? हो. पुढच्या वेळी थोड्या कमी दिवसांसाठी. यापेक्षा स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणाकडे असेल तर तिचं मूल अजून झालेलं नाही असं समज.

तर व्यवहार असा. डिसेंबरच्या तुझ्या दोन्ही तारखा मला दे, मी आणि माझा जोडीदार पोरगा करतो. अल्बम तू डिझाइन करायचास, घरी बसून, पैसे निम्मे-निम्मे. जानेवारीच्या शेवटची ती देवरुखची तारीख ठेव. तेव्हा बाळ तीन महिन्यांचं असेल. कँडिड, म्हणजे नकळत टिपायचे फोटो, तू काढ, मी ट्रेडिशनलला उभी राहीन आणि बाळाला घ्यायला माझी आई येईल, तिला विचारलंय. वधूपक्षाला आजच फोन करून एक खोली मागून ठेव, खिडकी असलेली, पंखा चालणारी. डोहाळजेवणाला मी येणारच आहे, कॅमेरा आणणार नाही, तुझ्या जावेला सांग कोणी तरी काढा. येताना काजूगर आणि कोकम आणते. काय जास्त हवं ते रविवारच्या आत कळव, कारण सोमवारी ह्यांची गाडी चिपळूणला येतेय.

तुझीच,
वेंगुर्ल्याची कॅमेरेवाली