द्युती चंदची गोष्ट पोरींना पूर्ण सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धावपटू द्युती चंदचं नाव निघालं की आजकाल लोक एकच बोलतात, डोपिंगमधे म्हणजे बंदी असलेल्या औषधाच्या तपासणीत सापडली, 4 वर्षांची बंदी लागली. खरंय ते, 2023 पासून बंदी आहे, अपील पण फेटाळलं, आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण तेवढंच सांगून कसं चालेल?

ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या विणकराच्या घरची पोरगी, घरात सात लेकरं, मोठी बहीण पळायची म्हणून ही पण पळायला लागली. 2014 ला, 18 वर्षांची असताना, तैपेईला आशियाई ज्युनिअर स्पर्धेत 200 मीटरचं गोल्ड घेऊन आली आणि लगेच ग्लासगो कॉमनवेल्थच्या तोंडावर तिला टीममधून काढलं. कारण काय तर शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांत जास्त असणारं हार्मोन, जास्त. ते तिच्या अंगातच तयार होतंय, बाहेरून काही घेतलेलं नाही, तरी म्हणे औषध घेऊन नाहीतर ऑपरेशन करून कमी कर मग पळ! टेस्ट कशासाठी चालल्यात हेही तेव्हा नीट सांगितलं नव्हतं असं तिचं म्हणणं. नाही म्हणाली ती, स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत, म्हणजे खेळातल्या वादांच्या कोर्टापर्यंत गेली आणि जुलै 2015 मधे लवादानं तो नियमच स्थगित केला, कारण त्या हार्मोनमुळं नेमका किती फायदा होतो हे जागतिक ॲथलेटिक्स फेडरेशनला दाखवता आलं नाही. मग 2016 ला रिओ ऑलिंपिक, 2018 ला जकार्ता एशियाडमधे 100 आणि 200 दोन्हीत सिल्व्हर, 100 मधलं गोल्ड फक्त 2 शतांश सेकंदानं गेलं बघा. 2021 ला पतियाळाला 11.17 चा नॅशनल रेकॉर्ड.

हे मी का लिहितोय, तर आमच्याकडं पोलीस भरतीसाठी पोरी पहाटे रोडच्या कडेनं पळतात, त्यात 100 मीटर पण असतं. माझी मुलगी जाते. तिच्यासोबतची एक पोरगी सगळ्यात फास्ट, आवाज जरा जाड, अंगानं काटक, तर लोक तिला तोंडावर विचारायचे "पोरगी हाय का पोरगं?" आणि तिनं यायचंच बंद केलं. आईबाप पण गप्प, लग्नाचं कसं होईल म्हणून. एवढं वाईट वाटतं की काय सांगू.

आता तर 2025 पासून जागतिक स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर शरीरानं बाई आहे का हे बघणारी जीन टेस्ट पण लागते, म्हणजे हे प्रश्न वाढणारच.

तेव्हा विनंती आहे की रविवारच्या पुरवणीत द्युतीचा 2014 ते 2023 सगळा प्रवास छापा, बंदी पण छापा, म्हणजे भरतीच्या नादात कोणी देईल ती पावडर-इंजेक्शन घेणाऱ्या पोरांनापण कळेल. आणि क्रीडा शिक्षकांनी, अकॅडमीवाल्यांनी एखाद्या पोरीबद्दल चारचौघात ग्राउंडवर काही बोलू नये, डॉक्टरला दाखवायचंच असेल तर कशासाठी ते आधी तिला स्वतःला सांगावं.

आपला,
एका धावणाऱ्या मुलीचा बाप
जि. परभणी